चालून राह्यलं नं, मग काहून हात लावायचा?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस पडला, तो कोणत्या तारखेला पडला?

प्रश्न वेडगळ वाटेल. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांना विचारा, ते तारीखच काय, मिनिटंसुद्धा सांगतील. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, मोरभवनला बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, जीव गेले. पण हाच प्रश्न कम्प्युटरला विचारला तर दोन उत्तरं येतात. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं ते २३ तारखेच्या नावावर. उपग्रहावरून मोजलेल्या पावसाची जागतिक माहिती घेतली, तर तिचा दिवस ग्रीनिचच्या घड्याळाने चालतो. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले की तिथे तारीख बदलते. त्या हिशेबाने रात्री दोन-तीनला कोसळलेला पाऊस २२ तारखेत जातो.

दोन्ही बरोबर आहेत. फक्त दोन्ही एकत्र वापरायचे असतील तर कोडमध्ये कुठेतरी एक ओळ लिहावी लागते: तारीख एका दिवसाने पुढे सरकवा. ती ओळ कोणी लिहिली, का लिहिली, ती दुसऱ्या एखाद्या फाइलीतही आहे का, आणि लिहिणारा नोकरी सोडून बंगलोरला गेल्यावर हे कोणाला माहीत असतं, यावर आजची पोस्ट आहे. लांब आहे. कम्प्युटरवाल्यांसाठीच आहे असं समजून पुढे जाऊ नका, कारण पुराच्या रेषा, प्रकल्पांच्या परवानग्या, पिकांचे अंदाज हे सगळं आता असल्याच ओळींवर उभं आहे.

माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरच्या देखभालीचा. नवं काही बांधत नाही. दुसऱ्यांनी बांधलेलं पडू नये हे बघते. अठरा वर्षं झाली. बँका, विमा, गोदामं, हेच. गेली काही वर्षं शनिवारी दुपारी संशोधन करणारी दोन-चार पोरंपोरी लॅपटॉप घेऊन येतात, त्यांचा कोड बघून देते. फुकट. चहा त्यांचा.

आपल्या गावाबद्दल एक गोष्ट नागपूरकरांनाच फारशी जाणवत नाही. हे संत्र्याचं, राजकारणाचं गाव आहे तसंच प्रयोगशाळांचंही गाव आहे. नीरी १९५८ पासून इथे आहे, तेव्हा नाव वेगळं होतं. नीरी हे नाव १९७४ चं. मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर. कापूस संशोधन वर्धा रोडवर. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र इथे, व्हीएनआयटी इथे, इस्रोचं विभागीय केंद्र इथे, खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे. या सगळ्या ठिकाणी रोज कोणीतरी कोड लिहितं. लिहिणारे मृदाशास्त्रज्ञ असतात, रसायनशास्त्रज्ञ असतात, सिव्हिल इंजिनीअर असतात. कोड लिहायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, ते सीनियरच्या फाइलीवरून शिकतात. यात त्यांची चूक काही नाही. आपणही स्वयंपाक तसाच शिकलो.

आता त्या तारखेच्या ओळीची गोष्ट. एक मुलगी आली होती, विदर्भातल्या एका मध्यम आकाराच्या नदीचं पुराचं मॉडेल घेऊन. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सगळी चर्चा त्या संस्थेवर होईल, आणि हे दुखणं काही एका संस्थेचं नाही. कोड तिचा नव्हता. तिच्या आधीच्या सीनियरने आणि त्याच्याही आधीच्या सीनियरने लिहिलेला. एकोणीसशे ओळींची एक फाइल, सोबत चार लहान फाइली, आणि एक फोल्डर ज्याचं नाव होतं ‘फायनल नवीन खरं’. तक्रार अशी की मॉडेल चालतं, आलेखही छान जुळतो, पण एक आकडा सरांना पटत नाही. डोंगरावर पडलेलं पाणी पुलापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, तो आकडा मॉडेलने जवळजवळ शून्य काढला होता. नदी इतकी उतावीळ कशी?

मी म्हटलं, कोड उघडून एकेक बघू. तर ती काय म्हणते, “ताई, चालून राह्यलं नं, मग काहून हात लावायचा? फक्त तो एक आकडा सांगा नं कुठून येते ते.”

हे वाक्य मी नोकरीत अठरा वर्षं ऐकते आहे, निरनिराळ्या भाषांत आणि निरनिराळ्या पगारांच्या लोकांकडून. 

आम्ही एका ओळखीच्या पावसाची तारीख घेतली आणि कोडच्या प्रत्येक टप्प्यावर ती छापून बघितली. यात हुशारी काही नाही, चिकाटी आहे. तिसऱ्या टप्प्यावर तारीख एका दिवसाने पुढे गेली. ते योग्यच होतं, उपग्रहाचा दिवस आपल्या दिवसाशी जुळवलेला. सातव्या टप्प्यावर, वेगळ्या फाइलीत, ती पुन्हा एका दिवसाने पुढे गेली. पहिल्या मुलाने केलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं, कारण त्या ओळीशेजारी एक शब्दही लिहिलेला नव्हता. त्याने आपल्या परीने बरोबर विचार करून तेच काम पुन्हा केलं. मग काय झालं, तर पाऊस कागदावर एक दिवस उशिरा पडू लागला आणि मॉडेलचा पूरही एक दिवस उशिरा येऊ लागला. खऱ्या नदीच्या नोंदीशी ते जुळेना. तेव्हा तिसऱ्याने काय केलं? मॉडेलचे स्क्रू पिळले. पाण्याच्या प्रवासाचा वेळ कमी कमी करत नेला, शून्याला टेकवला, आणि आलेख जुळला. 

मला सगळ्यात भीती वाटते ती याची. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असली तर संध्याकाळी हिशेब लागत नाही, आरडाओरड होते. विज्ञानाच्या कोडमध्ये चूक असली तर अनेकदा हिशेब लागतो. मॉडेलला जुळवून घेण्याचे पाच-सहा स्क्रू असतात, ते चूक गिळून टाकतात, आणि बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं. उद्या त्या मॉडेलवरून कोणी ठरवलं की धरणातून पाणी सुटल्यावर खालच्या गावाला सामान वर न्यायला किती तास मिळतील, तर उत्तर साफ चुकीचं येईल. कोणी खोटं बोललेलं नसेल, कोणी पैसे खाल्लेले नसतील. 

दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ शोधायला चार शनिवार गेले, आणि ते चार शनिवार का गेले हाच माझा मुद्दा आहे.

बिघडलेला कोड ओळखायचा कसा, हे आमच्या धंद्यात बऱ्यापैकी ठरलेलं आहे. एकच सूत्र अनेक ठिकाणी चिकटवलेलं असणं हे पहिलं लक्षण. त्या मुलीच्या कोडमध्ये बाष्पीभवनाचं सूत्र अकरा ठिकाणी होतं. त्यातल्या तीन ठिकाणी कोणीतरी स्थिरांक सुधारला होता, आठ ठिकाणी जुनाच. दुसरं, नावं. हवामानाच्या कोडमध्ये ‘टेम्प’ नावाचं व्हेरिएबल म्हणजे टेम्परेचर की टेम्पररी? एकाच फाइलीत दोन्ही अर्थाने वापरलेलं मी पाहिलं आहे. तिसरं, बिनबुडाचे आकडे. ‘गुणिले २५.४’ असं फक्त काही वर्षांपुरतं लिहिलेलं. जुन्या नोंदी इंचात होत्या म्हणून, हे मला कळायला वेळ लागला नाही, पण नव्या पोराला ते जादूटोण्यासारखं दिसतं. हवामान खात्याच्या पाव अंशाच्या पावसाच्या माहितीत जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते गाळायची ओळ चुकून निसटली तर सरासरी कुठे जाते विचार करा. ती एकदम खड्ड्यात गेली तर बरं, लगेच कळतं. एखाद-दुसरीच नोंद निसटली तर सरासरी नुसती थोडी घसरते आणि सगळे म्हणतात, यंदा पाऊस कमी.

हिंगण्याचं इंग्रजी स्पेलिंग दोन फाइलींत दोन प्रकारचं, म्हणून एका नकाशातून अख्खा हिंगणा तालुका गायब. आणि तालुक्यांची मराठी नावं जर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली असतील तर मग बोलायलाच नको. तो फॉन्ट ज्या मशीनवर होता ते मशीन भंगारात गेलं की ती नावं म्हणजे नुसती किडामुंगी.

फोरट्रानची तर वेगळीच कथा. जुन्या फोरट्रानमध्ये ओळीचे ७२ रकाने वाचले जातात, त्यापुढे जे लिहाल ते मुकाट्याने सोडून दिलं जातं. ती पंच कार्डांच्या काळातली सवय. म्हणजे तुमचं सूत्र लांब झालं आणि शेवटचा ‘गुणिले दोन’ त्र्याहत्तराव्या रकान्यात गेला, तर तो तुमच्या डोळ्यांना दिसतो, कम्प्युटरला नाही. पायथनची दुसरी आवृत्ती पाच भागिले नऊचं उत्तर शून्य द्यायची, तिसरी बरोबर देते. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना पाच भागिले नऊ आधी लिहिलं की नंतर, यावर उत्तर अवलंबून. दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला बंद झाला, पण ती वापरणारी यंत्रं अजून कोपऱ्यात गुरगुरत आहेत.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच. अजिबात नाही. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की रसायनशास्त्रात बरीच वर्षं वापरात असलेली एक पायथन स्क्रिप्ट ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की वेगळं उत्तर देते. कारण काय, तर फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील हे कोडने गृहीत धरलं होतं, आणि प्रत्येक सिस्टिम तो क्रम आपल्या मर्जीने लावते. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये सुमारे सोळा हजार कोविड रुग्ण आकडेवारीतून गळले. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरत होते, तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नाही. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर निरोप गेले नाहीत.

पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट लंडनच्या इंपीरियल कॉलेजची. मार्च २०२० मधला त्यांचा नववा अहवाल, ज्यामुळे ब्रिटनचं लॉकडाउनचं धोरण हललं, तो नील फर्ग्युसन यांच्या मॉडेलवर होता. लोकांनी कोड मागितला. तेव्हा फर्ग्युसन यांनीच सांगितलं की तो तेरा वर्षांहून जुना, हजारो ओळींचा, काहीही टिपणं नसलेला सी भाषेतला कोड आहे. बाहेरच्या इंजिनीअरांनी येऊन साफसफाई केली तेव्हा कळलं, पंधरा हजार ओळींची एकच फाइल होती. कोड खुला झाल्यावर जगभर टिंगल झाली. आणि मग केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी तो चालवून बघितला, तर अहवालातले मुख्य आकडे पुन्हा तसेच आले! म्हणजे हिशेब बरोबर होता. पण तोपर्यंत ज्यांना लॉकडाउन नकोच होतं त्यांच्या हातात कोलीत गेलेलं होतं. कोड घाणेरडा म्हणजे विज्ञान खोटं, एवढं सोपं समीकरण करून टाकलं लोकांनी. अस्ताव्यस्त कोडची किंमत अशीही मोजावी लागते: तुम्ही खरे असता आणि तुम्हाला ते दाखवता येत नाही.

आता आपल्या दारात या. कोराडीला ६६० मेगावॅटचे दोन नवे संच यायचे म्हणून मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. बाजूने बोलणारे होते, विरोधात बोलणारे होते, गोंधळही झाला. माझं वीजकेंद्राबद्दलचं मत इथे महत्त्वाचं नाही. असल्या कुठल्याही प्रकल्पात धूर कुठे जाईल, कोणत्या गावात जमिनीलगत किती प्रदूषण असेल, हे मॉडेलने काढतात. यासाठी नेहमी वापरतात ते एरमॉड हे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मॉडेल, फोरट्रानमध्येच लिहिलेलं. म्हणजे फोरट्रान जुनी म्हणून वाईट असं मुळीच नाही. त्या एरमॉडची निगा बघण्यासारखी आहे. प्रत्येक आवृत्तीचं नाव म्हणजे तारीख: २२११२ म्हणजे २०२२ सालचा एकशे बारावा दिवस, २२ एप्रिल. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय दुरुस्त केलं, कोणती चूक सापडली, त्याने उत्तरात काय फरक पडेल, याचं जाहीर पत्रक. सोबत चाचणीची उदाहरणं, ती तुम्ही घरी चालवून बघू शकता. सोर्स कोड खुला.

आणि आपल्याकडे? मी वाचलेल्या पर्यावरण अहवालांमध्ये रंगीत वर्तुळं असतात, तक्ते असतात, ‘अमुक मॉडेल वापरले’ असं एक वाक्य असतं. ज्या इनपुट फाइलीवरून ती वर्तुळं निघाली ती फाइल नसते. चिमणीची उंची किती धरली, कोणत्या वर्षाचा वारा घेतला, भोवतालच्या टेकड्या धरल्या की सपाट जमीन, हे तक्त्यांतून शोधून काढावं लागतं, आणि काही वेळा सापडतच नाही. मॉडेल खुलं आणि त्यात भरलेलं बंद, मग खुलेपणाचा उपयोग काय? पाककृती छापली, पण मीठ किती घातलं ते सांगणार नाही, असं झालं.

शहरातल्या पाण्याच्या निचऱ्याचंही तसंच. यासाठी जगभर वापरतात ते एसडब्ल्यूएमएम हे मॉडेल १९७१ चं. फोरट्रानमध्ये वाढत वाढत इतकं गुंतलं की २००४ मध्ये ते सी भाषेत पूर्ण नव्याने लिहून काढलं. लिहिलं ते लिहिलं, पण जुन्याची आणि नव्याची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि ती तपासणी अहवाल म्हणून छापली. ही पद्धत फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबते.

जुन्या कोडला हात लावायचा तर पहिला नियम असा: सुधारायच्या आधी त्याचा फोटो काढा. म्हणजे तीन-चार वर्षांची माहिती घालून आज जी उत्तरं येतात ती जशीच्या तशी, शेवटच्या दशांशापर्यंत, साठवून ठेवा. ती बरोबर आहेत की चूक हे नंतर. मग एक लहान बदल करा. नाव बदला, किंवा अकरा ठिकाणचं सूत्र एका फंक्शनमध्ये आणा. पुन्हा चालवा. उत्तर तसंच आलं तर पुढे जा, एक आकडाही हलला तर थांबा आणि का हलला ते शोधा. मायकेल फेदर्स यांच्या २००४ च्या पुस्तकात या चाचण्यांना नाव आहे, कॅरेक्टरायझेशन टेस्ट. आमच्याकडच्या पोरांना मी सांगते, घराची भिंत पाडायच्या आधी छताला टेकू लावतात की नाही? तेच हे. ज्या मुलीची गोष्ट सांगितली तिच्या अकरा सूत्रांपैकी आठ जुनी असल्याचं असंच सापडलं. सगळी एकत्र केली आणि उत्तर हललं.

बाकी गोष्टी साध्या आहेत. एककं नावातच लिहा, नुसतं ‘पाऊस’ नको, ‘पाऊस_मिमी’ लिहा. आकडे एका जागी ठेवा आणि शेजारी कुठून आले ते लिहा. गिट वापरा म्हणजे ‘फायनल नवीन खरं’ नावाचं फोल्डर जन्मालाच येणार नाही. आणि कोडमध्ये ‘काय’ लिहू नका, ते कोडच सांगतो, ‘का’ लिहा. ‘उपग्रहाचा दिवस ग्रीनिच वेळेचा, आपला साडेआठचा, म्हणून एक दिवस पुढे’ एवढं एक वाक्य असतं तर माझे चार शनिवार वाचले असते.

मग हे होत का नाही? माणसं आळशी म्हणून नाही. कोड लिहिणारा बहुतेक वेळा जेआरएफ असतो किंवा प्रकल्पापुरता घेतलेला. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० मिळतात. तीन वर्षांत पेपर काढायचा, पाच वर्षांत प्रबंध. पेपर मोजतात. कोड नीट ठेवला, दुसऱ्याला समजेल असा केला, याला कुठल्याही मुलाखतीत शून्य गुण. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यंत्रांचा रकाना असतो, प्रवासाचा असतो, किरकोळ खर्चाचा असतो. कोडच्या देखभालीचा रकाना मी आजवर पाहिला नाही. स्पेक्ट्रोमीटर घेतला तर वार्षिक देखभालीचा करार होतो, त्याच स्पेक्ट्रोमीटरचे आकडे जो कोड चघळतो त्याचा नाही. ब्रिटनमध्ये यासाठी २०१० मध्ये एक संस्थाच काढली, आणि २०१२ पासून ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर’ या नावाने तिथल्या विद्यापीठांत लोक काम करू लागले. त्यांचं काम हेच, शास्त्रज्ञाच्या शेजारी बसून त्याचा कोड जगवणं.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. पुण्याच्या आयआयटीएमने अमेरिकेचं सीएफएस मॉडेल घेतलं, २०१२ च्या मान्सून मिशनपासून त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून स्वतःचं हवामानबदलाचं मॉडेल उभं केलं आणि ते जागतिक तुलनेत उतरणारं भारतातलं पहिलं ठरलं. २६ मे २०२५ ला सहा किलोमीटरच्या जाळीचं भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झालं तेही तिथलंच. पिढ्या बदलल्या, माणसं निवृत्त झाली, कोड टिकला. कारण मागे कायमची संस्था होती, कायमच्या जागा होत्या. जिल्ह्याच्या पातळीवरच्या, एका नदीच्या, एका तालुक्याच्या मॉडेलला हे भाग्य नाही. आणि निर्णय तर तालुक्याच्या पातळीवरच लागतात. निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतल्या एका पुराची. ती रेषा तुमच्या प्लॉटच्या अलीकडून गेली की पलीकडून, यावर तुमच्या आयुष्याची कमाई ठरते.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात. पहिला, कोड खुला केला तर लोक नसत्या चुका काढतील. काढू देत ना! चूक निघाली तर तुमच्या गाइडने नाही, फुकटात दुसऱ्याने काढली. दुसरा आक्षेप नवा आहे: ताई, आता एआयला देऊ, तो सगळं साफ करून देईल. मी वापरते एआय. नावं बदलायला, फोरट्रान समजून घ्यायला उत्तम. पण गंमत म्हणून त्याच मुलीची फाइल एकाला दिली, तर त्याने तारखेच्या दोन्ही ओळी ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकल्या. कोड दिसायला सुरेख झाला आणि पाऊस एक दिवस आधी पडू लागला. सकाळी साडेआठची गोष्ट कोडमध्ये कुठेच नव्हती, तर त्याला तरी कळणार कुठून? टेकू लावल्याशिवाय त्यालाही भिंत पाडायला देऊ नका, एवढंच.

मागणं फार नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरण आणलं, २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला केलाही. तेच सार्वजनिक पैशातून झालेल्या वैज्ञानिक कोडला लावा. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन झालं आहे. त्यांच्या अर्जात कोडच्या देखभालीचा एक रकाना टाका, थोडे टक्के का होईना. आणि नागपुरातल्या सगळ्या संस्थांनी मिळून चार-पाच इंजिनीअर कायमचे ठेवले तरी पुष्कळ. एकेका संस्थेला परवडत नसेल, पण या संस्था एकमेकींपासून स्कूटरने वीस मिनिटांवर आहेत.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढे कुठल्याही प्रकल्पाची जनसुनावणी तुमच्या गावात लागली, तर प्रदूषण वाढेल की नाही या भांडणाच्या आधी चार प्रश्न विचारा: मॉडेलची आवृत्ती कोणती, इनपुट फाइल कुठे ठेवली आहे, वारा कोणत्या वर्षाचा, आणि हे दुसऱ्या कोणी चालवून बघितलं आहे का. उत्तर बहुधा ‘ती फाइल सल्लागाराकडे असेल’ असं येईल. ते उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, तोपर्यंत खुर्ची सोडू नका.